रक्त काढताना भोवळ येणाऱ्यांनी कुठले व्हिडिओ बघावेत, आणि कसे?

लॅबतंत्रज्ञ_मिरज

नमस्कार. रक्ततपासणी म्हटली की ज्यांना भोवळ येते अशा पेशंटांबद्दल विचारायचं आहे. मधुमेहवाल्यांना साधारण दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करायला सांगतात, आणि त्यातले काही जण केवळ सुईपायी वर्ष-वर्ष फिरकत नाहीत. हल्ली बरेच जण आदल्या रात्री यूट्यूबवर मन शांत करणारे व्हिडिओ बघून येतात: लाटांचा आवाज, शवासन, दीर्घ श्वसन. खुर्चीत बसून डोळे मिटतात, अंग सैल सोडतात. तरीही पट्टा बांधला की कपाळाला घाम, मग दोन-तीन जांभया, आणि दुसरी ट्यूब भरेपर्यंत मान कलते. जे नुसतेच घाबरतात, रडतात, हात ओढून घेतात, त्यांना मात्र सहसा भोवळ येत नाही.

हे शांत करणारे व्हिडिओ यांच्या कामाचे आहेत का? त्याऐवजी प्रत्यक्ष रक्त काढतानाचे व्हिडिओ बघून सराव करा असं सांगितलं तर चालेल का? चालत असेल तर कुठले, किती वेळ, किती दिवस? काउंटरवर देता येईल अशा चिठ्ठीत मावेल एवढं हवं आहे.

---

मानसतज्ज्ञ_पुणे

निम्मं उत्तर तुमच्या निरीक्षणातच आहे. कुत्रा, पाल, उंची, लिफ्ट यांच्या भीतीत नाडी आणि रक्तदाब चढतात आणि समोरची गोष्ट असेपर्यंत बहुधा चढलेलेच राहतात. माणूस थरथरतो, पळ काढतो, पण बेशुद्ध पडणं विरळा. रक्त, सुई आणि जखम यांच्या भीतीची तऱ्हा वेगळी. इथे बऱ्याच जणांचा दाब आधी थोडा चढतो आणि मग एकदम कोसळतो. व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाची गती मंदावतो, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त खाली साठतं आणि मेंदूला कमी पडतं. तुम्हाला दिसणारा घाम आणि त्या जांभया म्हणजे ही घसरण सुरू झाल्याची खूण. त्या क्षणी अंग सैल सोडणं म्हणजे घसरणीला हातभार लावणं. आदल्या रात्री झोप लागावी म्हणून लाटांचा आवाज ऐकला तर हरकत नाही, पण ते तंत्र खुर्चीत वापरलं तर उलटंच पडतं.

दीर्घ श्वसनाचंही तसंच. घाबरलेल्या माणसाला ‘खोल श्वास घ्या’ म्हटलं की तो भराभर खोल श्वास घेऊ लागतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना मुंग्या येतात आणि चक्कर वाढते. श्वास नेहमीसारखा चालू ठेवा, एवढंच सांगा.

यावरचं तंत्र नेमकं उलट्या दिशेचं आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात ते बसवलं: अंग सैल सोडायचं नाही, ताणायचं.

पाठ टेकून खुर्चीत बसायचं. दोन्ही मुठी, दंड, पोट, मांड्या आणि पोटऱ्या एकदम आवळायच्या. चेहऱ्यावर ऊब चढल्यासारखी वाटेपर्यंत धरून ठेवायचं, साधारण १० ते १५ सेकंद. मग सोडायचं, पण पूर्ण गळून जायचं नाही, नेहमी बसतो तेवढ्यावरच यायचं. २० ते ३० सेकंद थांबून पुन्हा. असं ५ वेळा केलं की एक फेरी. दिवसात ५ फेऱ्या, आणि हे आठवडाभर, कुठलाही व्हिडिओ न बघता. आधी हत्यार हातात बसू दे, मग लढाई.

चुका होतात त्या ठरलेल्या. पहिली, श्वास कोंडून कुंथणं. त्याने छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि भोवळ लवकर येते. ताण धरलेला असताना मोठ्याने १ ते १२ अंक म्हणायला सांगा, म्हणजे श्वास कोंडताच येत नाही. दुसरी, जबडा आणि कपाळ आवळणं. त्याने डोकं दुखतं. दुखलं तर जोर निम्मा करायचा, फेऱ्याही कमी. तिसरी सगळ्यात महागाची: ताण सोडताना एकदम ढेपाळणं. दाब त्याच क्षणी घसरतो.

व्हिडिओ दुसऱ्या आठवड्यापासून. त्याचं काम फक्त भीतीची सवय करणं एवढंच नाही. घसरणीची पहिली खूण कुठली, हे ज्याचं त्याला ओळखता आलं पाहिजे. कुणाला तळहात गार पडतात, कुणाला कानात दडे बसतात, कुणाला मळमळतं. घरच्या पलंगावर टेकून, व्हिडिओ बघताना ती खूण सापडते आणि सापडताक्षणी अंग ताणायचा सराव करता येतो. लॅबच्या खुर्चीत पहिल्यांदाच हे जमणं अवघड.

---

समुपदेशक_नाशिक

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. व्हिडिओंची शिडी कशी लावायची ते मी लिहितो, कारण गाडी बहुतेक तिथेच अडते. लोक जोशात येऊन पहिल्याच दिवशी रक्तदानाचा व्हिडिओ लावतात, २० सेकंदांत बंद करतात आणि ‘आपल्याच्याने होत नाही’ हे पक्कं करून बसतात. भीती टिपेला असताना पळ काढला की जी सुटका वाटते, तीच पुढच्या वेळच्या पळण्याला खतपाणी घालते.

भीतीला ० ते १०० मध्ये गुण द्यायचे. भीतीवरच्या वर्तनोपचाराचे प्रवर्तक जोसेफ वोल्पे यांच्या काळापासून ही पद्धत चालत आली आहे आणि तिच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. साधारण ३० गुणांच्या पायरीपासून सुरुवात.

कुणाला बंद पाकिटातल्या सिरिंजचं चित्रसुद्धा ३० असतं, मग तिथून. नाहीतर ट्रेवर मांडलेलं सामान दाखवणारा व्हिडिओ घ्यायचा: पट्टा, स्पिरिटचा बोळा, जांभळ्या आणि करड्या टोपणाच्या ट्यूब. त्यानंतरची पायरी मला फार मोलाची वाटते आणि ती सहसा कुणी सांगत नाही: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठीचे व्हिडिओ, ज्यांत सरावाच्या रबरी हातातून रक्त काढून दाखवतात. कृती सगळी खरी असते, ट्यूबमध्ये लाल पाणीही येतं, पण हात कुणाचा नसतो. चित्र आणि खरा हात यांच्यामधली दरी याने भरून निघते. मग खरा हात, सुई कातडीला टेकेपर्यंतच. मग पूर्ण कृती, आवाज बंद ठेवून, पडदा लहान. मग आवाजासकट. मग पूर्ण पडदा, जमलं तर टीव्हीवर. शेवटी रक्तदान, जिथे ३५० किंवा ४५० मिलीची पिशवी हळूहळू भरताना दिसते.

शोधताना ‘फ्लेबोटॉमी ट्रेनिंग’ किंवा ‘व्हेनिपंक्चर डेमो’ (दोन्ही म्हणजे शिरेतून रक्त काढणं) असे शब्द टाकले की बहुतेक शिकवणीचेच व्हिडिओ येतात. ३ ते १० मिनिटांचे, एकसलग, पार्श्वसंगीत नसलेले निवडायचे. शॉर्ट्स नकोत. त्यात अचानक कट येतात, सुई एकदम तोंडासमोर आणतात आणि मनाला त्या दृश्यात थांबायची फुरसतच मिळत नाही. ‘लोक कसे बेशुद्ध पडतात’ असले संग्रह तर अजिबात नकोत. ते भीतीला पुरावा पुरवतात.

आणखी एक अडचण असते, ती फोनची. सुईचे चार व्हिडिओ बघितले की पाचवा यूट्यूब स्वतःहून सुचवतो, आणि तो ऑपरेशनचा किंवा अपघाताचा असू शकतो. म्हणून ऑटोप्ले बंद. पाहिल्याची नोंद ठेवणारी हिस्टरी तात्पुरती थांबवायची. ठरलेले व्हिडिओ घरातल्या दुसऱ्या कुणी आधी पूर्ण बघून वेगळ्या प्लेलिस्टमध्ये टाकावेत, शक्य असेल तर ऑफलाइन उतरवून ठेवावेत. वेगाची सोय इथे खरंच उपयोगी पडते: सुई आत जातानाचा प्रसंग पाव किंवा अर्ध्या वेगाने. संगणकावर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक चौकट मागे-पुढे सरकवता येते. सुई टेकलेली चौकट पडद्यावर गोठवून अंग ताणणं, सोडणं, पुन्हा ताणणं हा एक उत्तम सराव आहे.

रोज एकदा, २० ते ३० मिनिटं. एकच व्हिडिओ सलग पुन्हा पुन्हा, गुण निम्म्यावर येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी तीच पायरी, पण व्हिडिओ वेगळा: हात वेगळा, वर्ण वेगळा, कॅमेऱ्याचा कोन वेगळा. एकच व्हिडिओ पाठ झाला की मनाला सुई कुठल्या सेकंदाला येणार ते ठाऊक असतं आणि मग भीती कमी झाल्याचा नुसता भास होतो. दोन-तीन वेगवेगळ्या व्हिडिओंना गुण २० च्या आत आले की पुढची पायरी. बहुतेकांना दोन ते चार आठवडे धरून चालावं.

दर वेळी बसण्याआधी कागदावर एक ओळ लिहायला लावा: काय होईल असं वाटतंय आणि किती खात्रीने. ‘दोन मिनिटांत भोवळ येईल, ८० टक्के.’ संपल्यावर त्याखाली दुसरी ओळ: काय झालं. नुसत्या गुणांपेक्षा हा कागद जास्त काम करतो, कारण भाकीत चुकलेलं डोळ्यांनी दिसतं.

चोरवाटांवर लक्ष ठेवा. बोटांच्या फटीतून बघणं, नजर पडद्याच्या कोपऱ्यात ठेवणं, व्हिडिओ चालू असताना खालच्या कमेंट वाचत राहणं, मागे गाणी लावणं. पडदा लहान ठेवणं ही ठरवून घेतलेली आणि पुढे काढून टाकायची पायरी आहे. फटीतून बघणं म्हणजे न बघणंच. फरक पेशंटला समजावून सांगावा लागतो.

---

लॅबतंत्रज्ञ_मिरज

दोघांचे मनापासून आभार. दोन शंका. दंड आणि मूठ आवळलेली ठेवली तर सुई मारायची कशी? शीर हलते, हात थरथरतो. आणि लहान मुलांचं काय? पालक हातात मोबाइल देतात आणि कार्टून लावून बसवतात. तेही चुकीचं का?

---

नर्सिंग_ट्यूटर

पहिली शंका रास्त आहे, आणि याचा सराव वेगळा करून घ्यावाच लागतो. ज्या हातातून रक्त काढायचं तो हात उशीवर सैल. उरलेला दुसरा हात, पोट आणि दोन्ही पाय आवळलेले. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही, एक बाजू आवळली की दुसरी आपोआप आवळते. सैल हाताच्या तळव्यावर उताणा चमचा ठेवायला सांगा. चमचा हलला की त्या हातात ताण गेला.

व्हिडिओची शेवटची पायरी इथेच जोडून टाका. पूर्ण पडद्यावर रक्त काढतानाचा व्हिडिओ चालू, आणि त्याच वेळी घरातलं कुणीतरी पेशंटच्या दंडाला मऊ ओढणी बांधून कोपराच्या खळगीत स्पिरिटचा बोळा फिरवतं. तो गार स्पर्श, तो वास आणि दंडावरचा आवळ या तीन गोष्टी पडदा देऊ शकत नाही, आणि खुर्चीत नेमक्या त्याच अंगावर येतात. व्हिडिओत सगळं जमलेला माणूस लॅबमध्ये कोसळतो तो बरेचदा यामुळेच. ओढणी एका मिनिटात सोडायची, आणि घरी सुई कुणीही वापरायची नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहा.

त्यानंतर एक फेरी तुमच्या लॅबमध्ये, रक्त न काढता. पेशंट येईल, खुर्चीत बसेल, तुम्ही पट्टा बांधाल, शीर चाचपाल, पट्टा सोडाल, तो घरी जाईल. तुमची पाच मिनिटं जातील, पण दुपारच्या निवांत वेळेत हे जमण्यासारखं आहे.

प्रत्यक्ष दिवशी आडवं झोपवूनच काढा. आधी अर्ध्या तासात अर्धा लिटर साधं पाणी पाजलं तर दाब टिकायला मदत होते. उपाशीपोटीच्या तपासण्यांना साधं पाणी सहसा चालतं, पण कुठल्या तपासणीला चालणार नाही ते तुम्हीच ठरवून सांगा. उपाशी पेशंटला सकाळचा पहिला नंबर द्या. सुई बाहेर आल्यावर आणखी दोनदा अंग ताणायला लावा, १० मिनिटं पडू द्या, मग दोन मिनिटं बसवून उभं करा. बरेच जण सुई निघाल्यावर ‘सुटलो’ म्हणून ढिले पडतात आणि दारापाशी कोसळतात.

मुलांबद्दल. जे मूल नुसतं घाबरतं आणि रडतं, त्याला रक्त काढताना कार्टून दाखवणं अगदी योग्य. लक्ष दुसरीकडे वळलं की टोचणं कमी जाणवतं. पण ते त्या दोन मिनिटांपुरतं आहे, त्याने भीती जात नाही. मोबाइल पट्टा बांधायच्या आधीच हातात द्या आणि व्हिडिओ मुलालाच निवडू द्या. सुई दिसल्यावर दिलेला मोबाइल मूल भिरकावतं. बधिर करणारं लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर ते साधारण तासभर आधी लावून वरून झाकावं लागतं. दहा मिनिटं आधी लावून उपयोग नाही. आणि ‘दुखणारच नाही’ असं मुलाला सांगू नका. ‘मुंगी चावल्यासारखं होईल, मी तीन म्हटल्यावर’ असं सांगा, आणि मग खरोखर तीनलाच टोचा. दोनला टोचलंत तर पुढच्या वेळी ते मूल तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

ज्या मुलाला भोवळ येते त्याला मात्र आडवं झोपवणं पहिलं. ताणायचं तंत्र समज आलेल्या, सूचना पाळणाऱ्या मुलालाच शिकवा, आणि खेळासारखं: ‘दगड हो, आता पुन्हा माणूस हो.’

---

फिजिशियन_कोल्हापूर

चिठ्ठी छापण्याआधी काही गोष्टी.

प्रत्येक भोवळ सुईच्या भीतीची नसते. रक्त किंवा सुई समोर नसतानाही येते, जिना चढताना किंवा पळताना येते, छातीत धडधडून येते, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला आहे, अशांना व्हिडिओचा सराव सांगू नका. आधी डॉक्टर आणि ईसीजी. मधुमेहाचा पेशंट उपाशी असेल तर साखर उतरल्यानेही घाम आणि चक्कर येते. संशय आला की बोटातून साखर बघा.

गर्भवती, हृदयविकार असलेले, दाब आटोक्यात नसलेले, काचबिंदू असलेले, हर्निया किंवा नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेले, यांनी अंग ताणायचा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

घरचा सराव पलंगावर टेकून किंवा हात असलेल्या खुर्चीत. उभ्याने नको, बाथरूममध्ये नको, गॅसजवळ नको, आणि पहिले काही दिवस घरात कुणीतरी हवं. अंधारी आली तर व्हिडिओ थांबवून आडवं व्हायचं, पायांखाली दोन उशा. बरं वाटल्यावर त्याच दिवशी एक पायरी खालचा व्हिडिओ बघूनच उठायचं, म्हणजे दिवस पळण्यावर संपत नाही. त्यानंतर अर्धा तास दुचाकी चालवायची नाही.

सराव करूनही दोन-तीन आठवड्यांत गुण हलत नसतील, किंवा भीतीच्या मागे जुना अपघात, हॉस्पिटलमधला वाईट प्रसंग असेल आणि व्हिडिओ बघून ते सगळं पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, तर एकट्याने रेटू नये. जवळ मानसतज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर विनाशुल्क आहे, मराठीतून बोलता येतं.

---

लॅबतंत्रज्ञ_मिरज

चिठ्ठीचा मसुदा असा केला आहे. काही राहिलं असेल तर सांगा.

‘रक्त काढताना भोवळ येत असेल तर: हृदयविकार, आटोक्यात नसलेला दाब, काचबिंदू किंवा हर्निया असेल, नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा गर्भवती असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिला आठवडा फक्त अंग ताणायचा सराव, १० ते १५ सेकंद ताण, २० ते ३० सेकंद विसावा, ५ वेळा, दिवसात ५ फेऱ्या. श्वास कोंडू नका, अंक मोठ्याने म्हणा. दुसऱ्या आठवड्यापासून रोज २० ते ३० मिनिटं व्हिडिओ, टेकून बसून: आधी सामान, मग रबरी हात, मग खरा हात. ऑटोप्ले बंद. मध्येच बंद करून पळू नका, थांबवा, अंग ताणा, पुन्हा चालू करा. तयारी झाली की फोन करा, एकदा सुई न मारता बसून जा. तपासणीच्या दिवशी आल्या आल्या सांगा, आडवं झोपवून रक्त काढू.’

---

मानसतज्ज्ञ_पुणे

छान झाली आहे. ‘अंग ताणा’च्या पुढे ‘रक्त काढायचा हात सैल’ हे ठळक अक्षरांत घाला, आणि ‘सोडताना गळून जाऊ नका’ हेही. ‘पळू नका’च्या शेजारी ‘अंधारी आली तर मात्र आधी आडवं व्हा’ असं लिहा, नाहीतर कुणीतरी बसल्या जागी हट्टाने धरून ठेवेल. व्हिडिओ शोधायचे शब्दही छापा, नाहीतर लोक नुसतं ‘सुई’ टाकून शोधतील आणि नको ते समोर येईल. मागची बाजू कोरी असेल तर तिथे तीन रकान्यांचा तक्ता आखा: काय होईल वाटलं, किती टक्के, काय झालं. तपासणीला येताना तो भरून आणायला सांगा, म्हणजे पट्टा बांधायच्या आधी त्याच्याकडे एक नजर टाकून तुम्हाला कळेल की आज झोपवून काढायचं की आणखी आठवडाभर थांबायचं.